‘स्टार्स्की अँड हच’ पुन्हा बघायला घेताना

दादा आणि मी स्टार्स्की आणि हच या दोन पोलिस डिटेक्टिव्ह मित्रांची ही अमेरिकन मालिका लहानपणी अधूनमधून, हाती लागेल तो भाग पाहिली होती. आता पहिल्यापासून बघायला घेतली, तेव्हा पहिल्या रविवारी सलग पाच भाग लावले. संध्याकाळपर्यंत सगळे पाठलाग डोक्यात एकमेकांत मिसळले होते. १९७५ ते १९७९ या काळात ती आठवड्याला एक भाग अशी दाखवली जायची. म्हणून सांगते, रात्री एकच भाग बघा.

सुरुवात मालिकेआधी आलेल्या पहिल्या चित्रपटापासून करा, तो वगळू नका. सुरुवातीचं संगीतही पुढे ढकलू नका. पहिल्या पर्वाला लालो शिफ्रिनची धून आहे, अंगावर येणारी. दुसऱ्या पर्वात टॉम स्कॉटची, जी बहुतेकांच्या कानात बसलेली असते. धून बदलते तसा मालिकेचा सूरही जरा हलका होतो, हे लागोपाठ ऐकल्यावरच कळतं.

स्टार्स्कीची पांढऱ्या पट्ट्याची लाल ग्रॅन टोरिनो गाडी डोळे भरून बघा. पण मग गाडीच्या आत बघा. हच त्या गाडीला ‘पट्टेरी टोमॅटो’ म्हणतो, स्टार्स्की चिडतो, आणि तेवढ्यात दोघांची नजर एकाच माणसावर जाते. कोणी काही बोलत नाही. गाडी वळते. पॉल मायकेल ग्लेझर (स्टार्स्की) आणि डेव्हिड सोल (हच) यांनी या मैत्रीचा जीव अशा न बोललेल्या क्षणांत ठेवलाय. सोल २०२४च्या जानेवारीत गेले; त्यानंतर मला हे क्षण जास्तच जपून बघावेसे वाटतात.

काही भाग जोडीने बघा, मध्ये एका रात्रीची उसंत ठेवून. पहिल्या पर्वातला ‘द फिक्स’: गुंड हचला बळजबरीने हेरॉइनच्या इंजेक्शनांची सवय लावतात, आणि त्यांचा खबऱ्या मित्र हगी बेअर याच्या जागेत लपवून स्टार्स्की त्याला त्यातून बाहेर काढतो. नंतर त्याच पर्वातला ‘अ कॉफिन फॉर स्टार्स्की’. आता विष स्टार्स्कीच्या अंगात आहे, हाती चोवीस तास आहेत आणि धावपळ हचची. एकाने केलेलं दुसरा फेडत नाही. त्यांच्यात हिशेबच नाही. दुसऱ्या पर्वातल्या ‘गिलियन’ला तर मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. हचची प्रेयसी गिलियन हिच्याबद्दलचं खरं सांगणाऱ्या स्टार्स्कीला हच ठोसा मारतो, आणि मग त्यालाच बिलगून रडतो.

बायकांकडे बघण्याची तेव्हाची नजर काही भागांत खटकेल. तिथे थांबा, बोला. मी आणि दादा बोलतो.

शेवटचा ‘स्वीट रिव्हेंज’ मात्र एकट्याने बघू नका. पोलिसांच्या आवारात, त्याच लाल गाडीपाशी स्टार्स्कीला गोळ्या लागतात. दादा दुसऱ्या गावी राहतो. आम्ही दोघांनी एकाच वेळी भाग लावला आणि फोन चालू ठेवला. हॉस्पिटलच्या खाटेभोवती सगळे जमले तेव्हा पलीकडून दादाचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.