अमेरिकेत पोलीस चॅप्लेन म्हणून सेवा करताना

अमेरिकेतील बहुतेक पोलीस चॅप्लेन, म्हणजे पोलिसांना व त्यांच्या कुटुंबांना आत्मिक आधार देणारे पाळक, मानधन न घेता काम करतात. एरवी आपल्या मंडळीची पाळकीय जबाबदारी सांभाळणारी व्यक्ती महिन्यातील काही पाळ्या पोलिसांसोबत गस्तीच्या गाडीत घालवते, ठाण्यातील हजेरीला उभी राहते आणि रात्री-अपरात्री बोलावणे आले की घराबाहेर पडते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती पाळकांपैकी आणि मंडळीतील वडिलांपैकी ज्यांना या सेवेची ओढ आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: या सेवेत उपदेशाला फार उशिरा वाव मिळतो, आणि तो मिळेपर्यंत चॅप्लेनने दिलेली सोबत व राखलेले गुपित यांवरच त्याच्यावरचा विश्वास उभा असतो.

आपल्या शहराच्या पोलीस विभागात किंवा काउंटीच्या शेरीफ कार्यालयात चॅप्लेनची व्यवस्था आहे का, याची चौकशी प्रथम करावी. सामान्यतः दीक्षित किंवा संप्रदायाने अधिकृत केलेली व्यक्ती, पाळकीय कामाचा काही वर्षांचा अनुभव आणि आपल्या संप्रदायाचे शिफारसपत्र या अपेक्षा असतात. त्यानंतर पूर्वेतिहासाची तपासणी होते, बोटांचे ठसे घेतले जातात आणि काही ठिकाणी पॉलिग्राफ चाचणीही होते. यात अपमान वाटून घेण्याचे कारण नाही, कारण पोलिसांनाही याच वाटेने जावे लागते. 1973 साली वॉशिंग्टन येथे स्थापन झालेली इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑफ पोलीस चॅप्लेन्स ही संस्था या कामाचे प्रशिक्षण देते. मृत्यूची वार्ता देणे, ताणतणाव, आत्महत्या, गोपनीयता व कायदेशीर जबाबदारी, पोलिसांचे कुटुंबजीवन असे विषय तिच्या मूलभूत अभ्यासक्रमात आहेत. पाळकीय अनुभव कितीही मोठा असला तरी हे प्रशिक्षण टाळू नये.

पोलीस विभाग ही सरकारी संस्था आहे आणि अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारला कोणत्याही धर्माची बाजू घेण्यास मनाई केली आहे, म्हणून विभागाच्या नावाने वावरणाऱ्या चॅप्लेनने कामावरील कोणालाही न मागता धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नये, मंडळीत येण्याचा आग्रह धरू नये आणि कोणाच्या श्रद्धेची परीक्षा घेऊ नये. ठाण्यात कॅथलिक, बॅप्टिस्ट, यहुदी, मुस्लिम, शीख आणि कोणताही धर्म न मानणारे लोक शेजारी शेजारी काम करतात, आणि चॅप्लेन त्या सर्वांचा असतो. जखमी कॅथलिक अधिकाऱ्याला आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार (तेल लावून प्रार्थना करण्याचा विधी) हवा असेल तर प्रोटेस्टंट चॅप्लेनने तत्काळ धर्मगुरूंना बोलवावे. त्यासाठी जवळच्या चर्चचा, सिनेगॉगचा, मशिदीचा आणि गुरुद्वाराचा दूरध्वनी क्रमांक आपल्या वहीत आधीपासून असला पाहिजे. मात्र एखादा अधिकारी स्वतःहून “माझ्यासाठी प्रार्थना करा” असे म्हणाला, तर संकोच न करता, येशूच्या नावाने आणि पूर्ण मनाने प्रार्थना करावी. आपण ख्रिस्ती आहोत हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच तो आपल्याकडे आलेला असतो.

विश्वास मिळवण्याची खरी जागा म्हणजे गस्तीची गाडी. पहिल्या खेपेला, धोक्याची जबाबदारी आपण स्वतःवर घेत आहोत अशा कागदावर सही करावी, दिलेले बुलेटप्रूफ जाकीट घालावे आणि निघण्यापूर्वी अधिकाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: गाडीचा क्रमांक काय, वायरलेसवर मदत कशी मागायची, आणि गाडी थांबल्यावर मी आत बसावे की उतरावे. त्याला गोळी लागली किंवा तो झटापटीत सापडला, तर गाडीतील दुसरा माणूस आपणच असतो आणि आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हे आपल्यालाच सांगावे लागते, त्यामुळे चौकांची नावे वाचत राहण्याची सवय लावून घ्यावी. रहदारी तपासणीसाठी गाडी थांबवली असता, सांगितल्याशिवाय खाली उतरू नये. संशयिताशी बोलू नये, पुराव्याला हात लावू नये आणि कोणतेही छायाचित्र काढू नये.

पहिल्या काही पाळ्यांत अधिकारी फारसे बोलत नाहीत. चॅप्लेन वरिष्ठांना काय सांगतो, शिवी ऐकून त्याचा चेहरा कसा होतो, पहाटे तीनला झोप येत असतानाही तो गाडीत बसतो की बहाणा करून घरी जातो, हे सारे ते पाहत असतात. दिवसपाळीपुरतेच येणाऱ्या चॅप्लेनला रात्रपाळीचे लोक आपले मानत नाहीत. मौन भरून काढण्यासाठी प्रश्न विचारत राहू नयेत. मुले किती, घर कुठे, शिकार किंवा मासेमारी आवडते का, अशा साध्या विषयांवरून बोलणे हळूहळू पुढे सरकते, आणि एखाद्या रात्री, बुडालेल्या मुलाच्या प्रसंगावरून परतताना, तो अधिकारी समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता बोलू लागतो. तेव्हा वचन शोधण्याची घाई करू नये. बायबलमधील दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर त्यांच्या हातून चांगलेच घडत होते, त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली तेव्हा बिघडले. पाळकांनी हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा.

नियंत्रण कक्षाला विसरू नये. 911 या आपत्कालीन क्रमांकावरचा दूरध्वनी घेणाऱ्या व्यक्तीला पलीकडची किंकाळी ऐकू येते, पण पुढे काय झाले ते पुष्कळदा कळतच नाही. प्रत्येक फेरीत तेथे जाऊन थोडा वेळ बसावे.

आता गोपनीयतेविषयी. पाळकाशी केलेल्या खासगी बोलण्याला अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायद्याचे काही ना काही संरक्षण आहे, परंतु त्याच्या मर्यादा राज्यागणिक बदलतात. बालकांवरील अत्याचाराची माहिती देणे काही राज्यांत पाळकांनाही बंधनकारक आहे. आपल्या राज्याचा कायदा वाचून, विभागाच्या कायदेशीर सल्लागाराकडून तो समजून घेऊन मगच काम सुरू करावे, आणि कोणती गोष्ट आपण गुप्त ठेवू शकणार नाही हे अधिकाऱ्याला बोलण्याआधी सांगावे. हे संरक्षण आत्मिक सल्ल्यासाठी झालेल्या बोलण्याला असते. आपण डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेबद्दल न्यायालय आपल्याला साक्षीला बोलावू शकते. आणखी एक गोष्ट अनुभवी चॅप्लेनही विसरतात: गाडीत कॅमेरा असतो आणि अधिकाऱ्याच्या छातीवरही असतो. तो मनातले सांगू लागला की ध्वनिमुद्रण चालू आहे का हे शांतपणे विचारावे, आणि नियमानुसार ते थांबवता येत नसेल तर पाळी संपल्यावर दुसरीकडे भेटावे. वरिष्ठांनी “त्याचे कसे चालले आहे?” असे सहज विचारले तरी “हे आपण त्यालाच विचारावे” एवढेच उत्तर द्यावे. एकदा जरी बातमी वर गेली, तरी त्या ठाण्यातील दारे पुढे कित्येक वर्षे बंद राहतात.

अधिकाऱ्याने गोळी झाडलेल्या प्रसंगी ही कसोटी सर्वांत कठीण होते. त्याचे पिस्तूल पुरावा म्हणून घेतले जाते, त्याला सहकाऱ्यांपासून वेगळे बसवतात, वकील येईपर्यंत घटनेबद्दल बोलू नये असे सांगतात आणि मग प्रशासकीय रजेवर पाठवतात. अशा वेळी “काय झाले?” हा प्रश्न चॅप्लेनने विचारूच नये. घरी कळवले का, पाणी प्यायले का, आज रात्री सोबत कोण असेल, हे विचारावे. याच वेळी दुसरीकडे एक कुटुंब आपला माणूस गमावून बसलेले असते, आणि ते कदाचित आपल्याच मंडळीतले असेल. मिनियापोलिस येथे मे 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाल्यानंतर अनेक चॅप्लेनना हा ताण तीव्रतेने जाणवला. माझे मत स्पष्ट आहे: चॅप्लेनने अधिकाऱ्याची साथ सोडू नये, पण त्याच्या कृतीचे समर्थन करण्यासाठी वृत्तवाहिन्यांपुढे उभे राहू नये. विभागाची बाजू मांडण्यासाठी प्रवक्ता असतो.

मृत्यूची वार्ता देण्यासाठी चॅप्लेनला वारंवार बोलावले जाते, आणि या कामाची रीत ठरलेली आहे. मृताची ओळख पटली आहे का आणि आपण योग्य व्यक्तीकडेच आलो आहोत का, याची दोनदा खात्री करावी. वार्ता दूरध्वनीवरून देऊ नये. गणवेशातील अधिकाऱ्यासोबत, दोघांनी मिळून जावे. उंबरठ्यावर उभे राहून सांगू नये, आत येण्याची परवानगी मागून त्यांना बसवावे आणि पहिल्या एक-दोन वाक्यांतच, नाव घेऊन, मृत्यू झाला आहे असे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. “वाईट बातमी आहे”, “अपघात गंभीर होता” असे म्हणत रेंगाळले तर ऐकणारा आशेला धरून बसतो. “देवाची इच्छा” हे शब्द त्या खोलीत उच्चारू नयेत. किंचाळणे, राग, अविश्वास, सगळे होऊ द्यावे. विचारलेल्या प्रश्नांची माहीत असतील तेवढीच उत्तरे द्यावीत. मृताच्या वस्तू त्याच वेळी हाती देऊ नयेत. नातेवाईक किंवा शेजारी येईपर्यंत त्यांना एकटे सोडू नये, आणि निघताना शवचिकित्सा कार्यालयाचा क्रमांक व आपले नाव कागदावर लिहून द्यावे, कारण सांगितलेले काहीच लक्षात राहत नाही. जवळचे नातेवाईक दुसऱ्या राज्यात असतील तर तेथील पोलिसांना कळवून प्रत्यक्ष माणूस पाठवण्याची विनंती करतात.

येथे मराठी चॅप्लेनचा वेगळा उपयोग होतो. महामार्गावरील अपघातात गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे आईवडील पुण्यात किंवा नागपुरात असतात, तेव्हा घरी जाऊन वार्ता देणे अमेरिकन पोलिसांना शक्य नसते. भारतीय वाणिज्य दूतावासाशी संपर्क, तिकडच्या घड्याळातली वेळ, वार्ता पोहोचताना आईवडिलांजवळ कोणी नातलग असेल याची आधी केलेली व्यवस्था आणि त्यांच्याच भाषेतला आवाज, या गोष्टी जमवून देणारा माणूस विभागात दुसरा कोणी नसतो. आपल्याला मराठी आणि हिंदी येते हे अर्जातच लिहावे.

आत्महत्येचा विचार मनात असलेल्या अधिकाऱ्यासमोर आडवळणाने बोलू नये. “जीव देण्याचा विचार मनात येतो का?” असे थेट विचारावे. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. पोलिसाजवळ शस्त्र कायम असते, म्हणून उत्तर होकारार्थी असल्यास त्याला एकटे सोडू नये, शस्त्र दुसऱ्याकडे सुरक्षित ठेवण्याबद्दल त्याच्याशी बोलावे आणि पोलिसांसोबत काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञापर्यंत त्याला स्वतः घेऊन जावे. जुलै 2022 पासून 988 हा राष्ट्रीय मदत क्रमांक चालू आहे. मदत मागितली तर बिल्ला जाईल, ही भीती हाच या वाटेवरचा मोठा अडथळा आहे, म्हणून विभागाचे त्याबाबतचे धोरण चॅप्लेनला तोंडपाठ असावे.

कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अधिकाऱ्याच्या अंत्यविधीची तपशीलवार शिस्त असते आणि प्रार्थना तिच्यात बसवावी लागते. शेवटी नियंत्रण कक्ष वायरलेसवर त्याचा क्रमांक पुकारतो, उत्तर येत नाही, पुन्हा पुकारतो, आणि मग त्याची सेवा संपल्याची घोषणा होते. त्या घोषणेला चॅप्लेनने एक शब्दही जोडू नये. 1976 च्या संघीय कायद्यानुसार अशा कुटुंबांना आर्थिक लाभ मिळतो, आणि 1984 पासून काम करणारी कन्सर्न्स ऑफ पोलीस सर्व्हायव्हर्स ही संस्था त्यांना सोबत करते. दोहोंची माहिती देणे हे पाळकीय काम आहे. 15 मे हा 1962 पासून मृत पोलिसांच्या स्मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी आणि मृत्यूच्या प्रत्येक वर्षदिनी त्या घरी दूरध्वनी करावा.

स्वतःसाठीही एका ज्येष्ठ चॅप्लेनकडे किंवा समुपदेशकाकडे नियमित जावे, कारण ऐकलेले सारे घरी जोडीदाराला सांगता येत नाही. मंडळीच्या कार्यकारिणीला लेखी कळवावे की कोणत्या आठवड्यात बोलावणे येऊ शकते, आणि रविवारी उपासनेच्या मध्येच निघावे लागल्यास पुढचा भाग कोण चालवील.