उन्हाळ्यात क्रेसेंट रोलचं पीठ रात्रीच मळा

एप्रिल-मेत विदर्भात भरदुपारी मळलेलं पीठ झपाट्याने आंबतं, बटर वितळतं आणि रोल (चंद्रकोरीसारखे गुंडाळलेले छोटे पाव) भाजताना पसरट होतात. उपाय म्हणजे यीस्ट निम्मं, दूध गार आणि फुगवण फ्रिजमध्ये.

१. रात्री २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा इन्स्टंट यीस्ट, २ मोठे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, ३० ग्रॅम बटर आणि फ्रिजमधलं १४० मिली दूध १० मिनिटं मळा. दुप्पट मोठ्या डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. खारं बटर असेल तर मीठ निम्मं करा.

२. पहाटेच्या गारव्यात दोन गोळे करून १० इंची पोळ्या लाटा. वर बटरचा पातळ हात फिरवा, प्रत्येकीचे ८ त्रिकोण कापा आणि रुंद बाजूकडून गुंडाळा. टोक रोलच्या खाली दाबलेलंच हवं, नाहीतर भाजताना उलगडतं.

३. झाकून ४० ते ६० मिनिटं ठेवा. बोटाचा खड्डा हळूहळू भरू लागला की ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर १५ ते १८ मिनिटं भाजा. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

रात्री वीज गेली तर फ्रिज उघडू नका. बराच वेळ आलीच नाही, तर पीठ दाबून हवा काढा आणि लगेच लाटायला घ्या.