वाळपईला काजूची भाटी बघायला जाताना

भाटी, म्हणजे काजूची फेणी गाळायची भट्टी, बघायची तर मार्च-एप्रिलमध्येच जा. फेब्रुवारीच्या अखेरीस हंगाम सुरू होतो आणि मेच्या मध्यापर्यंत कसाबसा टिकतो. अवकाळी पावसाची एक जोरदार सर आली की खाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळे, कुजतात, मग दोन-तीन दिवस भाटी थंड. म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी.

वाळपई पणजीपासून पन्नासेक किलोमीटरच्या आत आहे. फोंडा-उसगावमार्गे किंवा साखळी-होंडामार्गे जाता येते. कदंबच्या बसेस आहेत, पण भाट्या गावापासून आत, डोंगरउतारावर असतात. स्वतःची गाडी असलेली बरी, आणि ती चालवणाऱ्याने त्या दिवशी काहीही चाखू नये.

सकाळी सातपर्यंत पोहोचा. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप पडलेलेच वेचतात. कच्च्या बोंडवाचा रस तुरट आणि गोडी कमी, त्यामुळे आंबवणही फिके होते. बी पिळून वेगळी करतात, मग बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडात कोरलेल्या उथळ टाकीत, पायांनी तुडवतात. काही ठिकाणी आता यंत्र आले आहे. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्याला वेलीने आवळतात आणि वर दगडाचे वजन ठेवतात. त्यातून रात्रभर ठिबकतो तो नीरो. तो सकाळीच प्यावा. दुपारपर्यंत उन्हात आंबू लागतो, आणि बाटलीत घट्ट बूच लावून गाडीत ठेवला तर बूच उडते.

तुडवलेला रस साधारण तीन दिवस स्वतःच आंबतो, यीस्ट घालत नाहीत. फेस ओसरला की तो तांब्याच्या भाणात, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या भांड्यात, ओततात. भाणाचे तोंड आणि वाफेची नळी यांचा सांधा कापड व चिकणमातीने लिंपलेला असतो. वाफ लावणीत, म्हणजे दारू जमा होणाऱ्या भांड्यात, येऊन थंड होते, म्हणून तिच्यावर पाणी सतत ओतावे लागते. इथे भाटीकाराचा हात ओळखता येतो. आग मोठी झाली तर रस उकळून नळीत चढतो आणि दारूला करपट वास लागतो. सांधा फुटला तर वाफ वाया जाते. अशा वेळी त्याला प्रश्न विचारत बसू नका, कामातून उसंत मिळाली की तो स्वतःच बोलतो.

पहिल्या धारेचा उर्राक, सुमारे 15 टक्के अल्कोहोलचा. तो लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. फार दिवस टिकत नाही, त्यामुळे हंगामातच संपवायचा. उर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळली की फेणी. बाजारातल्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेले असते. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगली फेणी तळहातावर चोळून बघावी: उडून गेल्यावर पिकल्या बोंडवाचा वास मागे राहिला पाहिजे. नुसता स्पिरिटचा झणझणीत वास आला तर घेऊ नका. नारळाची फेणी वेगळी, ती रेंदेराने, म्हणजे माडावर चढून रस काढणाऱ्याने, काढलेल्या सुरेपासून (माडीपासून) होते.

कपडे जुने घाला, बोंडवाचा डाग सुटत नाही. बोंडू खायचा तर मिठाबरोबर, नाहीतर घसा धरतो. मुलांच्या हाती कच्ची बी देऊ नका, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

विकत घ्यायची ती सीलबंद, लेबल असलेली आणि परवानाधारक दुकानातून. बिनलेबलची बाटली विमानाच्या सामानात नेता येत नाही. बांदा किंवा दोडामार्ग ओलांडून महाराष्ट्रात नेण्यासाठी अबकारी परवाना लागतो, तो आधीच काढा.

दहापर्यंत भाटी बघून होते. ऊन चढण्याआधी जवळच्या नाणूस किल्ल्याची जागाही बघून घ्या. 1852 मध्ये दीपाजी राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्धचा उठाव इथूनच पेटवला होता.