दहावीनंतर आयबी डिप्लोमा करायचाय? शाळा बघायला जाताना हे विचारा

आमच्या मुलीची दहावी झाली तेव्हा घरात तीन माणसं आणि तीन मतं. मी म्हणत होते गपचूप अकरावी सायन्स, तिचा बाबा म्हणे सीबीएसई, आणि तिला आयबीच, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाचा अकरावी-बारावीच्या जागी असलेला दोन वर्षांचा डिप्लोमा. मग दोन महिने प्रत्येक शनिवारी पुण्या-मुंबईतल्या शाळा पालथ्या घातल्या. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला आठवड्याला एक तरी फोन येतो की अगं कुठली शाळा चांगली गं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

शाळेचं नंतर बघू, आधी मूल बारावीनंतर कुठे जाणार ते बोलून घ्या. परदेशात, किंवा अशोका, फ्लेम अशा खासगी विद्यापीठांत जायचं असेल तर बिनधास्त आयबी करा. पण डोक्यात मेडिकलची नीट परीक्षा असेल तर जरा थांबा. आयबी डिप्लोमा आपल्याकडे चालत नाही असं लोक ठोकून देतात ते खोटं आहे, एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठांची संघटना, तो बारावीच्या बरोबरीचा धरते. घोळ वेगळाच आहे. आयबीत सहा विषय असतात, दोन भाषा, एक इकॉनॉमिक्स-हिस्टरीसारखा, एक सायन्स, एक मॅथ्स आणि सहावा आर्ट्सचा, आणि आर्ट्स नको असेल तर त्या जागी दुसरं सायन्स घेता येतं. म्हणजे सायन्स झाली दोन. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो तिन्ही लागतात, ते तिसरं बसवायचं तर शाळेला आयबीकडून खास परवानगी काढावी लागते. शाळेने आधी हे केलंय का, किती मुलांसाठी केलंय, हे सरळ विचारा, "हो जाईल" या उत्तरावर घरी येऊ नका. शिवाय नीट असते मेच्या सुरुवातीला आणि आयबीचे पेपर एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत चालतात, एकाच महिन्यात दोन्ही. आणि मुलाला दुसऱ्या राज्यातल्या बोर्डिंगला पाठवायचा विचार असेल तर हेही लक्षात ठेवा की आपल्याकडे मेडिकलच्या राज्य कोट्याला डोमिसाईल तर लागतंच, वर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात.

आता शाळा. पाटीवरच्या "इंटरनॅशनल" शब्दाला शून्य किंमत द्या, आमच्या सोसायटीसमोरची इंटरनॅशनल स्कूल साधी सीबीएसई आहे. आयबीचे चार प्रोग्रॅम आहेत आणि प्रत्येकाची मान्यता वेगळी असते, पहिली-दुसरीला पीवायपी (प्राथमिक वर्गांचा प्रोग्रॅम) आहे म्हणजे अकरावी-बारावीला डीपी (डिप्लोमा प्रोग्रॅम) असेलच असं नाही. "आम्ही कँडिडेट स्कूल आहोत" असं कोणी हसून सांगितलं तर त्याचा अर्थ मान्यता अजून मिळालेली नाही. आयबीच्या साईटवर शाळेचं नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं, गाडी काढायच्या आधी हे करा.

एका शाळेत (नाव राहू दे) गेटवरच भलामोठा फ्लेक्स, ४५ पैकी ४५ मिळवलेल्या मुलाचा. आत एसी हॉल, कॉफी, पीपीटी. मी विचारलं त्या वर्षी परीक्षेला किती मुलं बसली होती, तर अकरा. मग विचारलं बॅचची सरासरी किती, तर मॅडम म्हणाल्या मेल करते, तो मेल अजून यायचाय. टॉपर कुठेही निघतो हो, तुम्ही मागच्या तीन वर्षांची सरासरी मागा, आणि डिप्लोमा किती जणांना मिळाला नाही तेही विचारा. २४ च्या खाली डिप्लोमा नाही, आणि जगाची सरासरी साधारण ३० च्या आसपास असते, त्यावरून अंदाज येतो.

त्याच शाळेत फिजिक्स लॅब बघायला मागितली. नव्याकोऱ्या उपकरणांच्या खोक्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आयबीत प्रत्येक सायन्सला मुलाने स्वतः प्रयोग ठरवून, करून, रिपोर्ट लिहायचा असतो, त्याला आयए म्हणतात आणि त्याचे २० टक्के मार्क असतात. लॅब बंद असेल तर हे होणार कुठे?

विषयांचं मात्र फार बारकाईने बघा, कारण तीन विषय हायर लेव्हलला घ्यायचे असतात, तीन स्टँडर्डला, आणि ब्रोशरमध्ये वीस विषय छापलेले असले तरी चार मुलं जमली नाहीत तर विषय सुरूच होत नाही. यावर्षी खरंच कोणते विषय चालू आहेत आणि कोण शिकवतंय, ते शिक्षक किती वर्षं टिकलेत, हे विचारा. मॅथ्सही दोन प्रकारचं असतं, एए (ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस) आणि एआय (ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन). इंजिनिअरिंगवाल्यांनी एए हायर घ्यायचं, परदेशात बऱ्याच चांगल्या ठिकाणी तेच मागतात. आमच्याकडे ओळखीतल्या एका मुलाला शाळेने "झेपणार नाही" म्हणून एआयला टाकलं आणि पुढे अर्ज करताना निम्मी लिस्ट उडाली.

बाकी ईई म्हणजे स्वतः संशोधन करून लिहायचा ४००० शब्दांपर्यंतचा निबंध, टीओके म्हणजे आपल्याला जे कळतं ते कसं कळतं यावर विचार करायचा विषय, आणि कॅस म्हणजे कला, खेळ, समाजसेवेचे उपक्रम. ईई आणि टीओके मिळून फक्त ३ पॉइंट, पण दोन्हीपैकी एकात जरी ई ही सगळ्यात खालची ग्रेड आली तरी डिप्लोमा गेला. कॅसला पॉइंटच नाहीत पण केल्याशिवाय सुटका नाही. इथे एक सोपी युक्ती, शाळा सुटताना दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठा आणि विचारा, ईई कशावर लिहितोयस, गाईड सर कितीदा भेटतात? जिथे माझ्या मुलीने शेवटी ॲडमिशन घेतली तिथली एक मुलगी मुठा नदीच्या पाण्यातल्या फॉस्फेटवर दहा मिनिटं बोलत राहिली, तिची रिक्षा चुकली. आमचा निर्णय तिथेच झाला.

फी लाखांत आहे हे सगळ्यांना माहीत असतं, वरचं कोणी सांगत नाही. परीक्षा फी वेगळी, डिपॉझिट वेगळं, ग्राफिक कॅल्क्युलेटर वेगळा, आणि एवढं करून अर्धी मुलं ट्यूशनला जातातच. "सगळं धरून दोन वर्षांचे किती" हे लेखी घ्या. पैशांचा प्रश्न असेल तर मुळशीचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज बघा, १९९७ पासून आहे, निवासी आहे, तिथे घरच्या परिस्थितीप्रमाणे स्कॉलरशिप मिळते, पण निवड आधी होते, त्यामुळे दहावीचा निकाल लागल्यावर विचार करायला गेलात तर उशीर झालेला असतो.

आणि आयबी पक्कं ठरलं तरी अकरावीचा ऑनलाईन फॉर्म भरून ठेवा. ऑगस्टपर्यंत एक-दोन मुलं हमखास परत फिरतात, आमच्या बॅचमधून दोघं फिरली. ज्याने फॉर्म भरला होता त्याला घराजवळचं कॉलेज मिळालं, दुसरा आता रोज पहाटेची लोणावळा लोकल पकडतो.