खड्डा भरला म्हणजे वाळू आली, असं नाही

भूशास्त्रात एम.एस्सी. केली की खान्देशात घरचे एकच विचारतात, "आपल्याकडे खाणी आहेत तरी कुठे?" कोळसा नाही, लोह नाही, मँगनीज नाही. मग चंद्रपूर गाठ, नाहीतर एमपीएससीला बस. मी जळगाव जिल्ह्यातच राहिले, गिरणेच्या काठी, आणि खनिज सांभाळायचं खरं शिक्षण इथेच मिळतं असं माझं पक्कं मत झालंय. इथलं खनिज म्हणजे वाळू, डबर, मुरूम, विटांची माती. ज्या वाळूवर ठेकेदाराचा डोळा असतो, त्याच वाळूत गावाची पाणीपुरवठ्याची विहीर असते. वाळू उपसली की विहिरीचं पाणी खाली जातं. भडगाव-पाचोरा पट्ट्यात मार्चनंतर हे कुणालाही दिसतं.

कायद्याची उजळणी करत नाही. १९५७ चा खाण व खनिज कायदा, त्यातलं राज्यांना अधिकार देणारं कलम १५, राज्याचे २०१३ चे वाळू-मुरूम-दगडासारख्या गौण खनिजांचे नियम, जमीन महसूल संहितेचं कलम ४८ हे तुम्ही वाचलेलंच असणार. एवढा धागा मात्र धरून ठेवा. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरच्या आतल्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. पुढे २०१६ मध्ये वाळू उत्खननाची मार्गदर्शक तत्त्वं आणि जिल्ह्यात वाळू कुठे, किती काढता येईल हे सांगणारे जिल्हा सर्वेक्षण अहवाल आले, २०२० मध्ये देखरेखीची तत्त्वं आली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की पुनर्भरणाचा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल मंजुरीसाठी चालणार नाही. म्हणजे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्या हातात पहिलं मोठं काम पडणार ते पुनर्भरणाचंच. दर पावसाळ्यात नदी नवी वाळू किती आणते, हा तो आकडा. सापळाही तिथेच आहे.

मी त्यात कशी अडकले ते नीट सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीला एका वाळूगटाचं, म्हणजे लिलावासाठी आखलेल्या नदीच्या तुकड्याचं, काम माझ्याकडे आलं. सोबत मागचा अहवाल, आत आकडा तयार. पावसाळा सरल्यावर पात्रात उतरले, तर उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाल्यांनी केलेले खड्डे भरून पात्र सपाट झालेलं. वरिष्ठ म्हणाले, "भरलं ना? मग हेच पुनर्भरण. मोजा आणि लिहा." दिसतही तसंच होतं. पण विहिरीवरची मोटर सांभाळणारे आप्पा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "ताई, पूरच उना नही, मंग वाळू कथाईन येई?" त्या वर्षी गिरणा धरण भरलंच नव्हतं. पूर नाही, तरी खड्डे भरलेले. मग ती वाळू आली कुठून?

ती उगमाकडच्या, वरच्या अंगाची होती. वाहतं पाणी खड्ड्यापाशी आलं की त्याचा वेग पडतो आणि सोबतची वाळू ते तिथे टाकतं. खड्ड्याची वरची कड ढासळते, आणि ही ढासळ उगमाच्या दिशेने सरकत जाते. वाळू टाकून हलकं झालेलं पाणी खड्ड्याच्या पुढे गेलं की तळ पुन्हा खरवडायला लागतं. म्हणजे खड्डा भरतो, पण त्याच्या वर आणि खाली नदीचा तळ उतरतो. नदीत नवी वाळू आलेली नसते, असलेली सरकलेली असते. तुम्ही गटाच्या चार खुणांच्या आतच मोजलं तर कागदावर भर दिसणार, आणि पुढच्या वर्षीचा लिलाव त्या भरीवर निघणार. अशी काही वर्षं गेली की पुलाच्या खांबांचा पाया उघडा पडतो, विहिरीच्या रिंगा वर दिसायला लागतात, आणि गावाला टँकर लागतो.

मला हे पटलं होतं, सिद्ध मात्र करता येईना. वरच्या अंगाची मे महिन्यातली पातळी कुणी घेतलेलीच नव्हती. तुलना करणार कशाशी? अहवालाची तारीख जवळ आलेली, सही माझी लागणार, आणि हातात आप्पांचं एक वाक्य आणि उघडा पडलेला खांब. त्या दिवसांत नोकरी सोडायचा विचार रोज येत होता. म्हणून ठासून सांगते: पावसाळ्याआधीची पातळी हातात नसेल तर पुनर्भरणाचा आकडा लिहू नका. कितीही घाई असो, कुणीही सांगो.

आता हे काम कसं करायचं. मे अखेरीला, पाणी येण्याआधी, पात्राचे आडवे छेद घ्या, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रेषेवर तळाची पातळी मोजा. गटाच्या आत तर घ्याच, पण वर आणि खाली गटाच्या लांबीइतक्या अंतरापर्यंतही घ्या. पावसाळ्यानंतर तेच छेद, त्याच रेषेवर, त्याच बेंचमार्कवरून, म्हणजे पातळी ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवरून. बेंचमार्क बाभळीवर नको, विजेच्या खांबावर नको, काठावरच्या दगडावर तर नकोच, कारण काठ खचतो. जुन्या बंधाऱ्याची भिंत, पुलाचं टोक, पक्क्या देवळाची पायरी शोधा. तिचा फोटो, अक्षांश-रेखांश आणि पातळी तीन ठिकाणी लिहून ठेवा.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं वाटेल. हिशेब करून बघा. समजा गट ४०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे, म्हणजे २४,००० चौरस मीटर. बेंचमार्क १० सेंटिमीटरने चुकला तर २,४०० घनमीटरचा फरक पडतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे साधारण ८४८ ब्रास वाळू कागदावर जन्माला आली किंवा नाहीशी झाली, तीही स्टाफ (उभी मोजपट्टी) धरणाऱ्याच्या एका चुकीने. मोबाइलमधल्या जीपीएसची उंची काही मीटरांनी चुकते, तिच्यावर हे काम होत नाही. डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) वापरलात तर दोन्ही वेळची उंची एकाच पद्धतीची आहे ना, हे तपासा. एकदा लंबगोलापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) आणि एकदा समुद्रसपाटीपासूनची घेतली, तर कित्येक मीटरांचा घोळ होतो आणि तो शोधण्यात आठवडे जातात.

दुसऱ्या मोजणीची वेळ साधणं गिरणेवर अवघड आहे. पाणी ओसरलं की रात्री ट्रॅक्टर पात्रात उतरतात, त्यामुळे उशीर केलात तर उरलेली वाळू मोजाल. आणि थोडं थांबावं म्हटलं तर धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटतं. पाटबंधारे विभागाकडून आवर्तनाच्या तारखा आधीच विचारून घ्या. आवर्तनाचं पाणी पाहून गावकरी म्हणतात, नदी वाहतेय, वाळू येईल. धरणातून सुटलेल्या नितळ पाण्यात वाळू नसते. ते असलेली वाळूच पुढे नेतं.

यातूनच सूत्रांचा प्रश्न येतो. बऱ्याच अहवालांत डेंडी-बोल्टन समीकरण दिसेल. पाणलोटाचं क्षेत्रफळ आणि वार्षिक अपधाव (जमिनीवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी) घातला की गाळाचा आकडा निघतो, फार सोयीचं. पण ते १९७६ मध्ये अमेरिकेतल्या जलाशयांच्या गाळावरून बसवलेलं समीकरण आहे. त्यातून येतो तो एकूण गाळ, त्यात चिकणमाती आणि पोयटाही आला. बांधकामाची वाळू त्यातला एक हिस्सा. त्याहून मोठी गोष्ट पाणलोटाची. गिरणेचा उगम कळवण तालुक्यात, पण नांदगाव तालुक्यात १९६९ पासून गिरणा धरण उभं आहे, त्याच्या वर चणकापूर, मोसमवर हरणबारी. वरची जाड वाळू या भिंतींच्या मागे अडकते. खाली भडगावच्या गटासाठी हिशेबात धरायचा तो धरणाखालचा मोकळा पाणलोट: तितूर आणि इतर लहान नद्या-नाले. त्यांच्यावरची धरणंही वजा करायची, मन्याडवर धरण आहेच. तापीवर हतनूर, वाघूर नदीवर वाघूर धरण, तिथेही हेच. अख्खा पाणलोट घालून काढलेला आकडा कुणी पुढे केला, तर पहिला प्रश्न धरणाचा विचारा. त्यासाठी फार धीटपणा लागत नाही, नकाशा लागतो.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. जो सर तुम्हाला पहिल्याच आठवड्यात तयार नमुना देऊन "यात फक्त गावाचं नाव बदल" म्हणतो, त्याच्याकडे शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. पगारासाठी राहायचं तर राहा, पण शिकायला दुसरीकडे जा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागा. नदीकाठच्या विहिरीची मे आणि ऑक्टोबरची पातळी वर्षानुवर्षं ओळीने मांडली की वाळूची कहाणी त्यातच वाचता येते. आणि कोतवाल, पाटकरी, मोटरवाले आप्पा यांच्याजवळ बसा. अहिराणी कळत असेल तर तुमचं अर्धं काम झालंच. पांझरेवरच्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत पाण्याच्या पाळ्या ठरवणारी माणसं पिढ्यान्पिढ्या हेच करत आली आहेत: यंदा नदीत किती आहे ते आधी बघायचं, मग वाटायचं.

दगडाचं थोडक्यात. धुळे-नंदुरबारकडे बेसॉल्टमध्ये घुसलेल्या डाइकच्या, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हारसाच्या, लांबच लांब भिंती आहेत, त्यांचा दगड चांगला म्हणून क्रशरवाल्यांची नजर त्यांच्यावर असते. नदीची वाळू वाचवायची तर दगडापासून कृत्रिम वाळू करा असं आता सगळेच म्हणतात, मलाही ते मान्य आहे. पण काही डाइक जमिनीखाली बंधाऱ्यासारखं पाणी अडवतात, आणि भेगाळलेले डाइक पाणी वाहून नेतात. खदान मंजूर करण्याआधी दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी बघा. नंदुरबारच्या अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. ठरावाचा कागद फाइलीला लावण्याआधी त्या सभेत स्वतः जाऊन बसा.

सुरक्षेबद्दल स्पष्ट बोलते. संध्याकाळनंतर पात्रात जाऊ नका. एकटं तर कधीच नाही, मुलगी असा किंवा मुलगा. महसूल कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या आहेत. तलाठ्यांना आणि पोलीस पाटलांना कळवून, सोबत माणूस घेऊन, उजेडात जा. डंपरचे फोटो काढायचं काम तुमचं नाही. तुम्ही पातळी मोजायला गेलाय, तेवढं करून परत या. एवढं पाळलं तर भिऊन घरी बसायची गरज नाही. मी अजूनही दर मे महिन्यात पात्रात उतरते, आणि काठावरच्या घरांतून चहाला बोलावणं येतं.

नोकऱ्यांचं खरं चित्र असं: केंद्राच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी आणि भूजल मंडळासाठी यूपीएससीची संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षा आहे. राज्यात भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि भूजल यंत्रणेत जागा निघतात, पण थोड्या आणि अनियमित. उरतात नॅबेटची (सल्लागारांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या सल्लागार संस्था. तिथे सुरुवातीचा पगार कमी असतो आणि सहीचा दबाव जास्त. तरी निराश होऊ नका. पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे छेद स्वतः घेतलेला, बेंचमार्कची वही असलेला उमेदवार अजून फारसा सापडत नाही. मुलाखतीत ती वही टेबलावर ठेवा. प्रमाणपत्रांआधी तीच उघडली जाते, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

अजून शिकत असाल तर नोकरीची वाट बघू नका. घराजवळच्या नदीवरचा एक पूल निवडा: बोरी, अनेर, पांझरा, गिरणा, कुठलाही. कॉलेजातून ऑटो लेव्हल (पातळी मोजायचं यंत्र) मागून घ्या, दोन मित्र गाठा, आणि येत्या मे महिन्यात पुलाच्या वर एक आणि खाली एक असे दोन छेद घ्या. पुलाच्या खांबावर पाण्याची जुनी रेघ दिसते, तिच्यापासून आजच्या वाळूपर्यंतचं अंतरही टेपने मोजून लिहा.