प्रोटिओमिक्सचा प्रयोग: मास स्पेकची तारीख घेण्याआधीची तयारी

प्रोटिओमिक्स म्हणजे नमुन्यातली पुष्कळ प्रथिनं एकत्र अभ्यासणं, आणि मास स्पेक (मास स्पेक्ट्रोमीटर) म्हणजे त्यासाठी रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र. त्यावर वेळ मागायच्या आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा आणि तो ज्या प्रथिनांबद्दल आहे ती नमुन्यात साधारण किती असतात ते शोधा. रक्ताच्या प्लाझ्मात (पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात) निम्म्याच्या आसपास प्रथिन एकट्या अल्ब्युमिनचं असतं आणि सर्वांत विपुल बावीसेक प्रथिनांतच 99 टक्के वजन संपतं. अल्ब्युमिन आणि इंटरल्युकिन-6 (एक सायटोकाइन, म्हणजे पेशींमधला निरोप नेणारं प्रथिन) यांच्या प्रमाणात जवळपास एक हजार कोटी पटींचं अंतर आहे. सायटोकाइनच मोजायचे असतील तर प्लाझ्मा तसाच मास स्पेकमध्ये घालून हाती फारसं लागणार नाही. तिथे ओलिंकसारखी अँटिबॉडीवर चालणारी किंवा सोमास्कॅनसारखी अ‍ॅप्टामरवर (ठरावीक प्रथिनाला धरणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर) चालणारी पद्धत बघा. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासातल्या 54,219 लोकांच्या प्लाझ्मातली 2,923 प्रथिनं मोजल्याचं काम 2023 मध्ये प्रसिद्ध झालं, ते ओलिंकवरच. मात्र फॉस्फेट गट नेमका कुठे बसलाय, प्रथिन कुठे तुटलंय, किंवा आधी यादीत नसलेलं काही सापडतंय का, असे प्रश्न असतील तर मास स्पेकच लागेल.

पद्धत ठरली की नमुन्यांचा क्रम ठरवा, आणि माझं ऐकाल तर सगळ्यात जास्त वेळ इथेच घाला. रुग्णांचे नमुने सोमवारी आणि निरोगी लोकांचे गुरुवारी तयार केलेत, तर नंतर दिसणारा फरक आजाराचा की वाराचा, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. 2002 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अंडाशयाचा कर्करोग सीरममधल्या (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातल्या) प्रथिनांच्या नक्षीवरून ओळखता येतो असा निष्कर्ष आला आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढे संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी त्याच गटाने खुली केलेली आकडेवारी पुन्हा तपासली. ज्या भागात निव्वळ गोंगाट असतो तिथेसुद्धा दोन्ही गट वेगळे पडत होते. म्हणजे फरक रक्तातला नसून नमुने हाताळण्यातला किंवा मोजण्यातला असण्याची दाट शक्यता होती. त्या चाचणीकडे डोळे लावून बसलेल्या बायकांचा विचार केला की अजूनही वाईट वाटतं. म्हणून प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही गट मिसळा, वय आणि लिंग दोन्हीकडे सारखं वाटलं जातंय ना ते बघा, आणि मशीनवर जायचा क्रम वेगळा, पुन्हा चिठ्ठ्या टाकल्यासारखा काढा.

रक्त घेणाऱ्यांना कामाच्या दिवशी सूचना देऊ नका, आधी भेटून सगळं ठरवा. ट्यूब एकाच प्रकारची हवी. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ठरलं तर शेवटच्या नमुन्यापर्यंत ईडीटीएच. अर्ध्यात सीरमवर जाऊ नका, कारण रक्त गोठताना प्लेटलेटमधून प्रथिनं बाहेर पडतात आणि चित्रच बदलतं. रक्त कधी काढलं आणि सेंट्रिफ्यूजला कधी लावलं, या दोन्ही वेळा लिहिल्या जाव्यात. पहिल्या फिरकीनंतर वरचा प्लाझ्मा पांढऱ्या पेशींच्या थरापासून थोडा दूर राहून उचला आणि पुन्हा एकदा फिरवा, म्हणजे उरलेल्या प्लेटलेट खाली बसतील. मग ट्यूब पांढऱ्या कागदासमोर धरा. गुलाबी छटा दिसली तर तांबड्या पेशी फुटल्यात. अशा नमुन्यात हिमोग्लोबिन, कार्बोनिक अनहायड्रेज 1, पेरॉक्सिरिडॉक्सिन 2 ही प्रथिनं वर गेलेली दिसतील आणि तुम्ही त्यांना आजाराची खूण समजून बसाल. छोटे भाग करून उणे 80 अंशांवर ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा.

ऊतीवर काम असेल आणि फॉस्फोरिलेशन (प्रथिनावर फॉस्फेट गट बसणं) बघायचं असेल तर द्रव नायट्रोजन नमुन्याच्या शेजारी असू द्या, कारण रक्तपुरवठा तुटल्यावर काही मिनिटांतच हे गट बदलायला लागतात. बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर (हे गट काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं रसायन) घाला. आणि साध्या प्रयोगाला मायक्रोग्रॅम पुरत असले तरी इथे शक्य असेल तर मिलिग्रॅमभर प्रथिनाची सोय ठेवा.

टेबल पुसून घ्या. नायट्राइल ग्लोव्ह्ज घाला, केस बांधा, लोकरीचा स्वेटर बाहेर ठेवा. नमुना दूषित करणारं केराटिन (त्वचा-केसांतलं प्रथिन) यातूनच येतं. डिटर्जंटने धुतलेली काचेची भांडी वापरू नका. ट्रायटन किंवा ट्वीन ही डिटर्जंट बफरमध्ये असतील तर आत्ताच बदला, नाहीतर स्पेक्ट्रममध्ये 44 डाल्टनच्या (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) अंतराने शिखरांची रांग उभी राहील आणि पेप्टाइड (प्रथिनांचे तुकडे, जे मास स्पेकवर मोजायचे आहेत) तिच्याखाली दबतील. एसडीएस हे डिटर्जंट हवंच असेल तर एसपी3 किंवा एस-ट्रॅप या शुद्धीकरणाच्या पद्धतींनी काढायची तयारी ठेवा.

प्रथिन मोजण्यासाठी बीसीए ही रंगावर चालणारी चाचणी वापरणार असाल तर डीटीटी (प्रथिनातले सल्फर बंध तोडणारं रसायन) घालायच्या आधीच मोजा, कारण ते आकडा फुगवतं. प्रथिन उलगडण्यासाठीचा युरिया त्याच दिवशी विरघळवा आणि गरम करू नका. तापवलेल्या युरियातून निघणारं आयसोसायनेट प्रथिनाला चिकटतं आणि वस्तुमान 43 डाल्टनने वाढतं. तुटलेले सल्फर बंध पुन्हा जुळू न देणारं आयोडोअ‍ॅसिटामाइड अंधारात घाला. प्रथिनाचे पेप्टाइड करणारं ट्रिप्सिन हे एन्झाइम लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे कापतं, पण घट्ट युरियात ते मंदावतं, तेव्हा आधी 2 मोलरच्या खाली, जमल्यास 1 मोलरपर्यंत पातळ करा. एक भाग ट्रिप्सिनला पन्नास भाग प्रथिन, 37 अंश, रात्रभर. सकाळी आम्ल घालून एक थेंब पीएच पट्टीवर टाका. 3 च्या खाली गेलं असेल तरच सी18 या शुद्धीकरणाच्या स्तंभावर चढवा.

मशीनच्या दिवशी स्वतःचा नमुना पहिल्यांदा लावू नका. आधी हेला पेशींचं (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचं) ठरावीक डायजेस्ट, म्हणजे ट्रिप्सिनने कापलेलं प्रथिन, चालवून नेहमीइतकी प्रथिनं सापडतात का ते पाहा. कमी आली तर त्या दिवशी थांबा. सगळ्या नमुन्यांतून थोडं थोडं घेऊन एक मिश्रण करा, ते ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा लावा. मधे नमुना नसलेले कोरे रनही हवेत.

विश्लेषणाचे नियम आकडे बघण्याआधी लिहून तारीख टाका: प्रथिनांची कोणती यादी, चुकीच्या ओळखीची मर्यादा 1 टक्का की आणखी कडक, काही नमुन्यांत न सापडलेल्या प्रथिनांचं काय करायचं, आणि कोणत्या कारणाने नमुना वगळायचा. सॉफ्टवेअर डीआयए-एनएन असो वा मॅक्सक्वांट, आवृत्तीचा क्रमांक टिपा. शेवटी रॉ फाइल प्राइड या खुल्या माहितीभांडारात ठेवायच्या आहेत. कोणती फाइल कोणत्या नमुन्याची, तो कोणत्या गटातला, कोणत्या बॅचमधला, हा तक्ता पहिल्या ट्यूबपासून भरत जा आणि फाइलींसोबत तोही चढवा, म्हणजे दुसऱ्या कोणाला तुमची आकडेवारी पुन्हा तपासता येईल.