मास्टर्सला ३.९ मिळाला, आता मेडिकल नक्की? या चुका टाळा

दर वर्षी मे महिना जवळ आला की हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत ताट हातात असताना: “काकू, बॅचलर्सला ३.१ होता, पण मास्टर्सला ३.९ काढलाय. मेडिकलचे चान्सेस किती?” मी न्यू जर्सीत प्री-हेल्थ सल्लागार म्हणून काम करते, म्हणजे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांना वाट दाखवते, तेव्हा मला विचारणं साहजिकच आहे. पण विचारणाऱ्याने उत्तर बहुधा घरी ठरवूनच आणलेलं असतं आणि माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. तो मिळाला नाही की “तुम्ही फार निगेटिव्ह बोलता” हेही ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून एकदाच लिहून ठेवते. हे सगळं अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलबद्दल आहे, आणि आकडे जीपीएचे, म्हणजे चारपैकी मिळालेल्या सरासरी ग्रेडचे. नीटवाल्यांनी वाचून घाबरू नये.

दोन जीपीएंची सरासरी काढणे

३.१ आणि ३.९, मधोमध ३.५, झालं काम! असं कुणीही मोजत नाही. बहुतेक एमडी शाळांचा (इथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्ज एएमकॅस या सेवेतून जातो. ही सेवा तुमचे सगळे ग्रेड स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजते आणि एका तक्त्यात मांडते. त्यात अंडरग्रॅडची चार वर्षं वेगळी, पदवीनंतर घेतलेले अंडरग्रॅड कोर्स म्हणजे पोस्ट-बॅक वेगळे, या सगळ्यांची मिळून एक एकूण ओळ, आणि तिच्याखाली ग्रॅज्युएट कोर्सेसची स्वतंत्र ओळ. पोस्ट-बॅकचे ग्रेड एकूण अंडरग्रॅड जीपीएत मिसळतात, मास्टर्सचे मिसळत नाहीत. चाळणी लावताना शाळा मुख्यतः बघतात ती ही एकूण ओळ आणि तिच्या शेजारचा बीसीपीएम, म्हणजे बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, ३.०८. दोन वर्षं नोकरी केली, मग डॉक्टर व्हायचं ठरलं. पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स केलं, ३.९४ आला. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, ५०९. वडील स्वतः इंजिनिअर. त्यांनी एक्सेल उघडून सरासरी काढली, साडेतीन आली, आणि साडेतीनच्या आसपास जीपीए असलेल्या पंचवीस शाळा निवडल्या. जूनमध्ये अर्ज वेळेवर गेला, शाळांनी नंतर मागवलेले सेकंडरी निबंध वेळेवर गेले, पैसे तर गेलेच. इंटरव्ह्यूचं एकही बोलावणं आलं नाही. जानेवारीत माझ्याकडे आले तेव्हा वडिलांचं म्हणणं होतं की कुठेतरी कॉम्प्युटरची चूक झाली असणार.

मी तो एएमकॅसचा तक्ता मागितला. एकूण ३.०८, यात नवल नव्हतं. बीसीपीएम मात्र त्याहून खाली. कारण इंजिनिअरिंगचे कोर्स एएमकॅस विज्ञानात धरत नाही, ‘इतर’मध्ये टाकते. विज्ञानाच्या रकान्यात उरले होते कॅल्क्युलस, फिजिक्स आणि दोन केमिस्ट्री, आणि त्यांत तीन सी. आता एमपीएचचं, म्हणजे त्या पब्लिक हेल्थच्या मास्टर्सचं बघा. आरोग्य धोरण, आरोग्य व्यवस्थापन, वर्तनशास्त्र हे सगळं ‘इतर’मध्ये. बायोस्टॅटिस्टिक्स गणितात धरलं गेलं, पण ग्रॅज्युएटच्या ओळीत. म्हणजे या मुलाला बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी झेपते का, या प्रश्नाला दोन वर्षांच्या अभ्यासाने आणि भरपूर फीने काहीच उत्तर दिलेलं नव्हतं.

शिवाय ग्रॅज्युएट ग्रेड मुळातच ढगळ असतात. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ३.०च्या खाली गेलात की प्रोबेशन लागते, म्हणजे ताकीद मिळते, म्हणजे बी ही जेमतेम पास झाल्याची खूण. सगळ्या वर्गाला ए आणि ए-मायनस मिळत असताना तुमचा ३.९४ समितीच्या डोळ्यांत भरत नाही. त्या खुर्च्यांवर बसलेली माणसं स्वतः विद्यापीठांत शिकवतात, त्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

मुलाने मग आणखी एक मास्टर्स शोधायला सुरुवात केली होती. ते मी बंद करायला लावलं. स्टेट कॉलेजात संध्याकाळचे अंडरग्रॅड कोर्स घे म्हटलं: बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी, फिजिऑलॉजी. ३२ क्रेडिट, सगळीकडे ए. आधीच्या १२८ क्रेडिटांसकट एकूण जीपीए ३.०८चा झाला ३.२६. वडील हताश. “एवढं करून फक्त ०.१८?” हो, फक्त. हंडाभर पाण्यात वाटीभर साखर घातली की एवढंच गोड होतं. पण पोस्ट-बॅकची ओळ स्वतंत्र छापली जाते आणि तिथे आता ४.० होता, तोही थेट विज्ञानात. एमकॅट पुन्हा देऊन ५१४ आणला. दुसऱ्या फेरीत दोन डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, डॉक्टरकीची दुसरी पदवी) शाळांनी घेतलं, एका एमडी शाळेने वेटिंग लिस्टवर ठेवलं. डीओला गेला, आता दुसऱ्या वर्षाला आहे.

तुमचं गणित तुम्हीच करा. १२० क्रेडिटांवर ३.१ असेल तर ३.५ला पोचायला ९६ क्रेडिट सरळ ४.०ने काढावे लागतात. तीन वर्षांहून जास्त पूर्ण वेळ अभ्यास. म्हणून ‘जीपीए वर आणणं’ हे ध्येयच मी कुणाला देत नाही. शेवटच्या ३०-४० क्रेडिटांत एकही बी-मायनस नको, एवढंच सांगते.

एसएमपीला ‘अजून एक मास्टर्स’ समजणे

स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम हे वेगळं प्रकरण आहे. जॉर्जटाउनचा सगळ्यांत जुना, १९७५चा. तिथे तुम्ही मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर तेच कोर्स घेता, त्याच परीक्षा देता आणि त्यांच्याशी तुलना होते. म्हणून या ग्रेडला समिती मान देते. अंडरग्रॅडची ओळ याही कोर्सने हलत नाही, पण ‘मेडिकलचा अभ्यास झेपतो का’ याला थेट उत्तर मिळतं.

उत्तर मिळतं, म्हणजे ‘नाही’ हेही मिळू शकतं. हे लोक विसरतात. अंडरग्रॅडला ३.२ आणि एसएमपीला ३.२, तर आता मेडिकलचाच अभ्यास घेऊनही तुम्ही तिथेच आहात हे तुम्ही स्वतः कागदावर लिहून दिलंत. यानंतर सावरायला जागा फार कमी उरते. ज्यांनी गेल्या वर्षभरात विज्ञानाच्या कोर्सला ए काढलेला नाही त्यांनी एसएमपीच्या वाटेला जाऊ नये. आधी पोस्ट-बॅक करून बघा, स्वस्तात कळेल.

घाई, आणि तिचं मोठं भावंड: एकाच वेळी सगळं

अधीर मुलांची एक आवडती योजना असते. ऑगस्टमध्ये एसएमपी सुरू, पण अर्ज त्याआधीच्या जूनमध्येच टाकायचा, म्हणजे ‘वर्ष वाचतं’.

एका मुलीने हेच केलं. हुशार होती, अजूनही आहे. जूनमध्ये अर्ज गेला तेव्हा एसएमपीचा एकही ग्रेड नव्हता. अर्जात ‘पुढे घेणार असलेले कोर्स’ म्हणून यादी दिसत होती आणि ग्रेडच्या जागी रिकामं. एएमकॅस अर्ज एकदा तपासते, त्यानंतर आलेले ग्रेड त्यात चढत नाहीत. अपडेट शाळांना स्वतः पाठवायचा, आणि तो ज्या त्या शाळेच्या मर्जीवर. म्हणजे ज्या सुधारणेसाठी ती हजारो डॉलर भरत होती ती अर्जात नव्हतीच, शाळांनी तिच्या जुन्या ३.१५ लाच तपासलं. त्यात एमकॅट सप्टेंबरमध्ये ठेवलेला, ॲनॅटमीच्या पहिल्या परीक्षेच्या आठवड्यात. इकडे बी-मायनस, तिकडे ५०२. शाळा तर जसजसे अर्ज पूर्ण होतात तसतशा बोलावणी पाठवत जातात. सप्टेंबरच्या परीक्षेचा निकाल येईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, तोवर कितीतरी इंटरव्ह्यूच्या जागा भरलेल्या.

वर्ष वाचलं नाही, उलट पुढच्या खेपेला ती ‘पुन्हा अर्ज करणारी’ ठरली. तिथे पहिला प्रश्न असतो: गेल्या वेळेपेक्षा वेगळं काय आहे?

माझी सवय सांगते, पटली तर घ्या. मी कुणालाही एमकॅटचा स्कोअर हातात आल्याशिवाय आणि सुधारलेल्या ग्रेडची निदान दोन सेमिस्टर ट्रान्सक्रिप्टवर दिसल्याशिवाय अर्जाचं पान उघडू देत नाही. अर्ज मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात. गर्दीत पडताळणीला सहा आठवडेही लागतात. या वर्षी ते जमत नसेल तर पुढच्या जूनमध्ये. “पण काकू, मी सत्तावीस वर्षांचा होईन!” अर्ज नाही केलास तरी होशीलच, बाळा.

एमकॅट ‘बघू तरी कसा जातो’ म्हणून देऊ नका. एका वर्षात तीन, दोन वर्षांत चार, आयुष्यात सात खेपा, आणि गैरहजर राहिलात तरी ती खेप मोजली जाते.

सरासरीवरून शाळा निवडणे

एमडीसाठी वर्षाला ५० हजारांहून जास्त लोक अर्ज करतात, २३ हजारांच्या आसपास प्रवेश मिळवतात. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७च्या पुढे आहे आणि एमकॅट ५११-५१२. एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना जीपीए आणि एमकॅटच्या जोड्यांनुसार किती टक्के लोकांना प्रवेश मिळाला याचा तक्ता फुकट देते. तो जरूर बघा, फक्त त्यात अंडरग्रॅडचा जीपीए घालून बघा, मास्टर्सचा नाही. मग एमएसएआरमध्ये, म्हणजे याच संघटनेच्या शाळांच्या माहितीसंग्रहात, प्रत्येक शाळेचा मध्यांक सोडून दहावा पर्सेंटाइल बघा, म्हणजे ज्याच्या खाली जेमतेम दहा टक्के मुलं असतात तो आकडा. तुमचा आकडा त्याच्याही खाली असेल आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं वेगळं काही नसेल तर ती शाळा यादीतून काढा. नाव कितीही मोठं असो. नाव मोठं असेल तर आधी काढा.

आणि राज्य बघा. मिसिसिपी विद्यापीठ फक्त मिसिसिपीच्या रहिवाशांना घेतं, ईस्ट कॅरोलायनाचं ब्रोडी फक्त नॉर्थ कॅरोलायनाच्या. टेक्सासच्या सरकारी शाळा बहुतेक जागा टेक्सासवाल्यांनाच देतात. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून तिथे पाठवलेली फी म्हणजे दानधर्म.

डीओला नाक मुरडणे

हे मुलांपेक्षा आईवडील जास्त करतात. “डीओ म्हणजे खरा डॉक्टर ना?” हो, खरा. १८९२ पासून चालत आलेली शिक्षणपद्धत आहे, परवाना पूर्ण मिळतो, शस्त्रक्रियाही करतात, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची) जुळणीही एमडींबरोबर एकाच ठिकाणी होते. तिथले सरासरी आकडे थोडे खाली असतात आणि चुकून सावरलेल्या माणसाकडे या शाळा जास्त मोकळ्या मनाने बघतात. मात्र जुनी माहिती घेऊन येऊ नका. पूर्वी एएकॉमसमध्ये, म्हणजे डीओ शाळांच्या अर्जसेवेत, कोर्स पुन्हा घेतला की जुना ग्रेड पुसला जायचा. ती सोय २०१७ मध्ये बंद झाली. आता दोन्ही ग्रेड मोजले जातात. मोठ्या भावाने दिलेला सल्ला दहा वर्षांपूर्वीचा असू शकतो.

बाकीच्या, थोडक्यात

कम्युनिटी कॉलेजातला तो एक सी लपवणे: शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट द्यावीच लागते, हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेज कोर्सचीही. लपवलं आणि सापडलं तर ग्रेडपेक्षा मोठं प्रकरण होतं.

ए-प्लसवर भरवसा: एएमकॅसमध्ये ए-प्लसही ४.०च.

थीसिसवाल्या मास्टर्सवर विसंबणे: संशोधनाच्या क्रेडिटांना बऱ्याचदा नुसता ‘पास’ मिळतो. संशोधन अर्जात शोभतं, ग्रेडच्या प्रश्नाला ते उत्तर नाही.

पुण्या-मुंबईहून बीएस्सी करून इथे एमएसला आलेल्यांनी वेगळं ऐका. परदेशातले ग्रेड एएमकॅस जीपीएत धरत नाही, त्यामुळे तुमची अंडरग्रॅडची ओळ कोरीच राहते आणि एमएसचा ४.० ती भरत नाही. बऱ्याच शाळांना अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजचे ठरावीक क्रेडिट लागतात, कुठे वर्षभराचे, कुठे ९०. ‘एमएस आहे ना’ म्हणून चालत नाही, विज्ञानाचे पायाभूत कोर्स इथे घ्यावे लागतात. त्याआधी व्हिसा. बहुसंख्य शाळा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच घेतात. एच-४वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर, वाढलेल्या मुलांचा स्टेटस एकविसाव्या वर्षी संपतो आणि हे आईवडिलांच्या लक्षात अर्जाच्या वर्षी येतं. ज्या थोड्या शाळा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतात त्यांची यादी आधी, जीपीएची चर्चा नंतर.

शेवटचं पैशाचं, कारण नियम बदललेत. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत मिळतं. एसएमपीचा वरचा खर्च लोक ग्रॅड प्लस या दुसऱ्या सरकारी कर्जातून भागवायचे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद. मेडिकलसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख ही मर्यादा आली आहे. एसएमपीची जागा मिळाली असेल तर डिपॉझिट भरण्याआधी त्या शाळेच्या फायनान्शियल एड ऑफिसला फोन करा आणि उत्तर ईमेलवर लेखी मागवा.